मागणीपत्राशिवाय माल पाठवू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या दापोली तालुक्यातील एका मंडळाच्या संकल्पाची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. घरोघरी पडून असलेल्या चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि श्रवणयंत्रे गोळा करायची, मुंबईच्या चाकरमान्यांकडून आणि आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडूनही ती मागवायची आणि दिवाळीनंतर न्हावाशेवा बंदरातून एक कंटेनर भरून केनियातील मोम्बासाला रवाना करायचा, असा तो संकल्प आहे. आमच्या खाडीपट्ट्यातील काही कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी पूर्व आफ्रिकेत गेली आणि त्यांचे येणे-जाणे अजून टिकून आहे, त्यामुळे मोम्बासाच का, हे मला समजते. मंडळाच्या हेतूबद्दलही माझ्या मनात शंका नाही. तरीही कंटेनर भरायला लागण्यापूर्वी मंडळाने थोडे थांबावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी सगळी नोकरी एसटीच्या रत्नागिरी विभागात भांडारात गेली. भांडाराचा एक साधा नियम असतो. आगाराकडून मागणीपत्र आल्याशिवाय एक नटसुद्धा बाहेर जात नाही. मागणीपत्रावर गाडीचा प्रकार, भाग क्रमांक, नग आणि तो कशासाठी हवा ते लिहिलेले असते. नव्याने लागलेल्या एखाद्या उत्साही माणसाने, समोरच्याला कधीतरी उपयोगी पडेल म्हणून न मागितलेला माल गाडीत चढवून दिला, तर तो दुसऱ्या टोकाला उतरतो, बिन कार्डावर, म्हणजे साठ्याच्या नोंदपत्रावर, त्याची नोंद होते, आणि मग वर्षानुवर्षे तो कोणी हलवत नाही. आमच्या भाषेत तो डेड स्टॉक. पुढे तो निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, पाठवणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्यालाच कागद रंगवावे लागतात. अपंगांच्या साहित्याच्या दानाबाबत जगभर नेमके हेच होत आले आहे, आणि माझ्या स्वतःच्या घरात ते झालेले मी पाहिले आहे.

माझा धाकटा भाऊ 1998 साली नारळ काढताना माडावरून पडला. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. कण्याला मार बसल्याने कमरेखालची हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या. (सरकारी कागदांवर आता त्याला दिव्यांग म्हणतात. तो स्वतःला अपंग म्हणवतो, म्हणून मीही तोच शब्द वापरतो आहे.) पहिली बारा वर्षे घरात सरकण्यासाठी गावच्या सुताराने करून दिलेला, खाली चार लहान चाके लावलेला फणसाच्या लाकडाचा पाट आणि बाहेर जाण्यासाठी सरकारी योजनेतून मिळालेली हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल, एवढाच त्याचा संसार होता. तीनचाकी सपाट रस्त्यावर उत्तम. आमच्याकडे सपाट रस्ता म्हणजे फक्त बाजारपेठेपुरता. त्यापुढे चढ लागला की मागून कोणीतरी ढकलावे लागे.

2011 च्या जानेवारीत जिल्ह्यात एका ठिकाणी परदेशातून आलेल्या वापरलेल्या खुर्च्यांच्या वाटपाचे शिबिर झाले. मंडप, हारतुरे, भाषणे, फोटो, सगळे झाले. नाव पुकारले की एक खुर्ची पुढे येई आणि माणूस तीत बसवला जाई. कोणी कोणाचे माप घेतले नाही. भावाच्या वाट्याला आलेली खुर्ची दिसायला देखणी होती. क्रोमची नळी, निळे रेक्झिन, हाताला गाद्या. घरी आल्यावर मी मोजपट्टी लावली. बैठकीची रुंदी 20 इंच आणि भावाच्या कमरेची रुंदी साडेचौदा इंच. ती खुर्ची कोणा भरभक्कम माणसासाठी बनली होती. बैठक बसणाऱ्याच्या कमरेइतकीच रुंद असावी लागते. ती सैल असली की माणूस एका अंगाला कलतो आणि सगळा भार बैठकीच्या एकाच हाडावर येतो. आपण कललो तर अवघडल्यासारखे होऊन आपोआप सावरतो. ज्याला तिथे काही कळतच नाही, तो तसाच बसून राहतो. सहाव्या आठवड्यात त्याच्या डाव्या कुल्ल्यावर लालसर डाग दिसला, दहाव्या आठवड्यात तिथे जखम झाली, आणि ती भरून येईपर्यंत आमचा भाऊ पाच महिने पालथा झोपून होता. त्या पाच महिन्यांत त्याच्या बायकोने काय सोसले ते लिहिण्याची ही जागा नव्हे.

खुर्चीचे पुढचे हाल मी भांडारपालाच्या डोळ्यांनी पाहिले. एकूण रुंदी 28 इंच असल्याने ती आमच्या माजघराच्या दारातून जात नव्हती, न्हाणीघराची तर गोष्टच सोडा. पुढची लहान चाके पाच इंची आणि कडक होती, ती जांभ्या दगडाच्या फरशीच्या सांध्यात अडकत आणि खुर्ची पुढे तोंडघशी पडू पाही. रुग्णालयाच्या गुळगुळीत जमिनीसाठी केलेली वस्तू आमच्या पाखाडीवर चालणार कशी? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बाराही महिने खारा वारा, यात पहिल्याच पावसाळ्यानंतर पुढच्या चाकांची बेअरिंगे धरली. मग मागचे टायर गेले. टायरवर 24 इंच लिहिलेले पाहून मी बाजारातून 24 इंची सायकलचा टायर आणला. तो रिमवर चढेना. दुकानदाराने दोन लिव्हर लावले, मीही जोर केला, पण व्यर्थ. शेवटी चष्मा लावून जुन्या टायरच्या कडेवरचे बारीक आकडे वाचले, तेव्हा उलगडा झाला. खुर्चीचा टायर 37-540 होता आणि आणलेला सायकलचा 47-507. दोन्हींवर 24 इंचच लिहिलेले, पण रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासात 33 मिलिमीटरचा फरक. 540 चा टायर दापोलीत नाही, खेडला नाही, चिपळूणला नाही. मुंबईहून मागवायचा तर त्याची किंमत आणि पाठवणी मिळून बाजारातल्या चार सायकल टायरांइतकी होत होती. भाऊ म्हणाला, "दादा, ही खुर्ची नाय, ही देवाची पालखी. नुसती बघायची." आज ती पडवीत आहे आणि पावसाळ्यात चुलीसाठी लागणारी नारळाची सोडणे तिच्यावर रचून ठेवलेली असतात. घरात भाऊ पुन्हा त्या फणसाच्या पाटावर आला.

त्या शिबिराच्या आयोजकांपैकी एकाला मी हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी हसून उत्तर दिले की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. मला वाटते, ज्याला त्या गाईचे दूध काढायचे आहे त्याने दात मोजणेच योग्य.

यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि आपला अनुभव जगावेगळा नाही हे ध्यानात आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली कमी साधने असलेल्या देशांत हाताने चालवायच्या खुर्च्या कशा द्याव्यात याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: गरजूची नोंद करणे, त्याचे शरीर, घर आणि परिसर तपासणे, त्यावरून खुर्ची ठरवणे, पैशांची तजवीज करून ती मागवणे, जोडणी करणे, माणसाला बसवून माप नीट करणे, त्याला आणि घरच्यांना वापर शिकवणे, आणि शेवटी दुरुस्ती व पाठपुरावा. भांडारपालाच्या नजरेला त्यात एक गोष्ट लगेच दिसली. मागणी ही चौथी पायरी आहे. तिच्याआधी तीन पायऱ्या माणसाच्या आहेत. कंटेनर भरून पाठवणारे मात्र खुर्चीपासूनच सुरुवात करतात आणि माणूस नंतर शोधतात. आमच्या शिबिरात तर सहावी, सातवी आणि आठवी पायरी हारतुऱ्यांतच आटोपली.

गरज किती मोठी आहे, हे मला नाकारायचे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 250 कोटींहून अधिक लोकांना चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत निदान एक तरी साहाय्यक साधन लागते आणि त्यांपैकी जवळजवळ 100 कोटी लोकांना ते मिळत नाही. श्रीमंत देशांत गरजूंपैकी 90 टक्क्यांपर्यंत लोकांच्या हाती साधन पोहोचते, तर काही गरीब देशांत हे प्रमाण अवघे 3 टक्के आहे. एकट्या चाकाच्या खुर्चीची गरज जगात सुमारे 8 कोटी लोकांना आहे. एवढी मोठी तूट पाहिली की जे हाती लागेल ते पाठवावे असे कोणालाही वाटणार. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, असे मंडळातील एका तरुणाने मला ऐकवलेही. (म्हणसुद्धा अपंगत्वावरच बेतलेली आहे, हे त्याच्या लक्षात आले नसावे.) कुबडीच्या किंवा काठीच्या बाबतीत त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. कण्याला इजा झालेल्या माणसाच्या खुर्चीच्या बाबतीत ते खोटे आहे, कारण चुकीची खुर्ची त्याला होती त्यापेक्षा वाईट अवस्थेत नेऊ शकते. जखमेत जंतुसंसर्ग होऊन तो रक्तात पसरला तर अशी माणसे दगावतात. पाटावर सरकणाऱ्या माझ्या भावाला बारा वर्षांत एकदाही जखम झाली नव्हती.

आता मंडळ जे जे गोळा करणार आहे त्याविषयी. कृत्रिम पायाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. पाश्चात्त्य देशांतून येणारा तयार कृत्रिम पाय बूट घालून चालणाऱ्या माणसासाठी केलेला होता. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात उतरता येत नसे. जयपूरच्या रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास यावर उत्तर काढले, आणि ते कुठल्या परदेशी कारखान्यात मिळाले नाही. टायरला ज्या पद्धतीने रबर चढवतात त्याच पद्धतीने व्हल्कनाइझ केलेल्या रबराचे पाऊल त्यांनी बनवले. आमच्या एसटीतल्या टायर विभागाच्या माणसाला ते समजावून सांगावे लागले नसते. 1975 पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवते. परराष्ट्र मंत्रालयाने 2018 साली गांधीजींच्या 150 व्या जयंतीच्या निमित्ताने याच समितीच्या साहाय्याने इतर देशांत शिबिरे घेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात जाते ते साहित्य आणि कारागीर, पाय तिथेच त्या माणसाच्या मापाने बनतो. शिबिर उठल्यावर पट्टा तुटला तर कोणाकडे जायचे, हा प्रश्न तिथेही उरतोच. पण निदान माप तरी घेतलेले असते.

वापरलेल्या कृत्रिम पायांचे दानही चालते आणि ते नीट चालू शकते. अनेक श्रीमंत देशांत एकाने वापरलेला पाय दुसऱ्या रुग्णाला देत नाहीत, म्हणून ते पाय सुटे करून गुडघा, नळी आणि पाऊल वेगवेगळे बांधतात आणि ब्रिटनमधून गॅम्बियासारख्या देशांतील केंद्रांकडे पाठवतात. तिथला तंत्रज्ञ रुग्णाच्या उरलेल्या मांडीचे किंवा पोटरीचे माप घेऊन सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी, नवी बनवतो आणि खाली हे भाग जोडतो. वाटी कधीही एकाची दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे तिथे जाणारी वस्तू पाय नसून पायाचे सुटे भाग असतात, आणि ते मागणाऱ्या कार्यशाळेकडेच जातात. मागणीपत्राचा नियम पाळला की दान कसे मार्गी लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आमच्याकडे गोळा झालेले अखंड पाय मात्र जसेच्या तसे गोणपाटात बांधून पाठवले, तर तिकडच्या कस्टममध्ये पेटी उघडणाऱ्याची झोप उडण्यापलीकडे काही होणार नाही.

श्रवणयंत्रांबाबत थोडक्यात सांगतो. कानामागे लावायच्या यंत्राला त्या व्यक्तीच्या कानाच्या मापाचा साचा लागतो, यंत्राचा आवाज त्या व्यक्तीच्या तपासणीप्रमाणे बसवावा लागतो, आणि त्यात लागणारा झिंक-एअर प्रकारचा बटण सेल वरची पट्टी काढल्याक्षणी खर्च व्हायला लागतो. आठ-दहा दिवसांनी नवा सेल कोठून आणायचा, हे आधी ठरले नसेल तर यंत्र पेटीत जाते. विजेवर चालणाऱ्या खुर्च्या तर मंडळाने घेऊच नयेत. त्यांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या वर्षभर पडून राहिल्या की मरतात, आणि अमेरिकेतून आलेल्या खुर्चीचा चार्जर बहुधा तिकडच्या 120 व्होल्टचा असतो, तो केनियाच्या 240 व्होल्टच्या विजेला लावला की संपला. बंद पडलेली विजेची उपकरणे परदेशी पाठवणे ही आता नुसती नैतिक बाबही राहिलेली नाही. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर बंधने घालणाऱ्या बासल कराराच्या दुरुस्तीनुसार 1 जानेवारी 2025 पासून सर्व प्रकारचा ई-कचरा घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय पाठवता येत नाही. दान म्हणून निघालेला माल बंदरात कचरा ठरला तर मंडळाची काय शोभा होईल, याचा विचार व्हावा.

उलट, कुबड्या जरूर गोळा कराव्यात. उंची कमी-जास्त करता येणारी कुबडी बहुतेकांना चालते. फक्त तिच्या तळाशी असलेले रबरी बूट तपासावेत, कारण ते झिजून आतली नळी बाहेर आली की ओल्या फरशीवर माणूस हमखास घसरतो. जांभ्यावर ते फार लवकर झिजतात. नळीचा व्यास मोजून त्या मापाचे दोन-चारशे नवे रबरी बूट एका खोक्यात घालून पाठवले, तर ते खोके सगळ्या कंटेनरपेक्षा जास्त माणसांना चालते ठेवील, असा माझा अंदाज आहे. पण नव्या रबरी बुटांचा फोटो वर्तमानपत्रात चांगला येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

मोम्बासाविषयी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, ते ठिकाण आपण समजतो तितके रिकामे नाही. केनियात अपंगांसाठी काम करणारी असोसिएशन फॉर द फिजिकली डिसेबल्ड ऑफ केनिया ही संस्था 1958 पासून आहे आणि तिच्या कार्यशाळेत चाकाच्या खुर्च्या बनतात. मोम्बासा शहरालगत बोंबोलुलू येथे तिचीच कार्यशाळा आहे आणि तिथे अपंग कारागीर काम करतात. शेजारच्या टांझानियात मोशी येथे 1981 पासून कृत्रिम अवयव तंत्रज्ञ घडवणारे शिक्षण केंद्र आहे आणि आफ्रिकेतील अनेक देशांचे विद्यार्थी तिथे शिकून जातात. ज्या गावात खुर्ची बनवणारा वेल्डर आहे, तिथे आपण शंभर फुकट खुर्च्या उतरवल्या तर त्याचे गिऱ्हाईक तुटते. वर्षभरात आपल्या खुर्च्या मोडतात आणि तोवर त्याचे दुकानही बंद झालेले असते. खुर्च्यांच्या दानाने स्थानिक उत्पादनाला धोका पोहोचू शकतो, ही गोष्ट या क्षेत्रातले लोक कित्येक वर्षे सांगत आहेत. आपल्या देशाने हा धडा आधीच घेतला आहे. कानपूरचा कृत्रिम अवयव बनवणारा सरकारी कारखाना 1972 साली स्थापन झाला आणि अपंगांना साधने देण्याची केंद्राची योजना 1981 पासून चालू आहे. त्या योजनेत त्रुटी पुष्कळ आहेत, परंतु कानपूरच्या तीनचाकीचा टायर निदान दापोलीत मिळतो.

शिवाय केनियाचा किनारा हा आपल्या किनाऱ्याचा जुळा भाऊ आहे. तीच दमट हवा, तोच खारा वारा, तेच माड, आणि माडावर चढणारी माणसेही. म्हणजे तिथल्या अपंगांत माझ्या भावासारखे काही असणारच. दुबईच्या वातानुकूलित घरात वापरलेली क्रोमची खुर्ची तिथे किती पावसाळे काढेल, हे सांगायला मला पत्रिका मांडावी लागत नाही. तिथे चालेल अशी खुर्ची कशी असते तेही आता जगाला माहीत आहे. पुढे लांबवर एक किंवा दोन रुंद चाके, म्हणजे खडबडीत वाटेवर ती तोंडघशी पडत नाही, मागे गावच्या सायकल दुकानात मिळणारे टायर, कोणत्याही वेल्डरला जोडता येईल अशी साध्या लोखंडाची नळी, आणि बैठकीवर जखम न होऊ देणारी गादी. ही गादी लोक सर्वांत आधी विसरतात.

आम्ही कोकणातल्या माणसांनी तरी हे पटकन ओळखायला हवे होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात आमच्या तालुक्यातील घरांची छपरे उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतरच्या दिवसांत आम्हाला हवे होते ते पत्रे, कौले, ताडपत्री, खिळे आणि झाडे कापायच्या करवती. आमच्या वाडीत आलेल्या एका टेम्पोतून उतरले ते जुन्या कपड्यांचे गठ्ठे, आणि त्यांत एक लग्नातला कोटसुद्धा होता. ते कपडे ठेवायला कोरडी जागा नव्हती, कारण छप्परच नव्हते. देणाऱ्याचा राग आम्हाला आला नाही, पण कोणीतरी आधी एक फोन केला असता तर, असे वाटल्याशिवाय राहिले नाही. मोम्बासाच्या बंदरात आपला कंटेनर उघडताना त्या लोकांना आपल्याविषयी तसेच वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तेव्हा मंडळाने आधी तो फोन करावा. तिथे आपले नातलग आहेत, त्यांनी स्वतःच्या ओळखीच्या एखाद्या घरी विचारून भागणार नाही, त्यांनी कार्यशाळेत जावे, शक्यतो जो स्वतः खुर्चीवर बसतो त्याला विचारावे की काय हवे. 'आमच्याविना आमच्याविषयी काही नको' ही अपंगांच्या चळवळीची जुनी घोषणा आहे आणि 2007 साली भारताने मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातही, आंतरराष्ट्रीय सहकार्य अपंगांच्या संघटनांना सोबत घेऊन व्हावे असे 32 व्या कलमात म्हटले आहे. तिकडून कदाचित उत्तर येईल की खुर्च्या नकोत, 540 चे टायर हवेत. कदाचित येईल की गादीचा फोम हवा, बेअरिंग हवीत, किंवा एका मुलाच्या मोशीतल्या शिक्षणाची फी हवी. कदाचित खरोखरच खुर्च्या हव्या असतील, अमुक मापाच्या, अमुक नग. तसे कागदावर आले की मग खुशाल कंटेनर भरावा. वस्तू निवडताना प्रत्येक खुर्चीची बैठक मोजून तिच्यावर पाटी बांधणे, ब्रेक लागतो की नाही पाहणे, आणि जी वस्तू आपण आपल्या भावाला देणार नाही ती बाजूला काढणे, हे काम मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी शाळेच्या सभागृहात बसून करून देऊ. त्यासाठी आम्हाला चहा पुरे.

एक मुद्दा राहिला. मोम्बासाला पाठवायच्या आधी तालुक्यातच कोणाला काय हवे आहे याची यादी मंडळाकडे आहे का? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केल्यामुळे आज ती संख्या अधिकच भरेल. त्यांतले काही आमच्या वाड्यांतही आहेत. दूरच्याला देऊ नये असे मी म्हणत नाही. पण जवळच्याची मोजमापे घेण्याचा सराव झाला तर दूरच्याला विचारायचे प्रश्न कोणते, ते आपोआप कळेल. माझ्या भावाला गेल्या वर्षी चिपळूणच्या एका वेल्डरने साध्या लोखंडी नळीची, 15 इंच बैठकीची, मागे सायकलची चाके असलेली खुर्ची बनवून दिली. ती क्रोमची नाही, दिसायला ओबडधोबड आहे, पण न्हाणीघराच्या दारातून जाते. तिचा टायर मी गेल्या महिन्यात दापोलीच्या बाजारातून आणून बदलला, त्याला अर्धा तास लागला.

पडवीतली ती देखणी खुर्ची मंडळाच्या कार्यकर्त्यांनी परवा मागितली. मी ती दिली नाही. तिचे ब्रेकचे दोन संच आणि पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या मात्र अजून ठीक आहेत. त्या मी सोडवून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, माप लिहून ठेवल्या आहेत. मोम्बासाहून मागणीपत्र आले की घेऊन जाव्यात.

आपला नम्र,
एक निवृत्त भांडारपाल,
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी